अंगाच्या हालचालीने आभासी पात्र थेट चालवायचे आहे? नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

पडद्यावरचे त्रिमितीय पात्र तुमच्याबरोबर मान वळवते, हात उचलते, दोन पावले मागे सरकते, आणि हे सारे नंतर बसून फ्रेमवार घडवलेले नसून त्याच क्षणी घडत असते. पाहणाऱ्याला हे फार सोपे वाटते. प्रत्यक्षात कॅमेऱ्याने किंवा सेन्सरने टिपलेल्या हालचालीचा आधी एक सांगाडा तयार होतो, तो सांगाडा पात्राच्या सांगाड्यावर बसवला जातो, त्यातली थरथर गाळली जाते, मग चित्र रंगवले जाऊन पडद्यावर उमटते; आणि ही सगळी साखळी सेकंदाला तीस ते साठ वेळा पुरी व्हावी लागते.

मी हे शिकायला लागलो तेव्हा पहिले दोन महिने चुका भलत्याच टोकाला दुरुस्त करत होतो. पात्राचे कोपर छातीत घुसले की मी पात्राच्या फाइलमध्ये कोपराचे हाड तपासत बसे, आणि दोष निघे तो काळ्या पडद्यासमोर उभे राहताना मी घातलेल्या काळ्या सदऱ्यात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ती गत होती. म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम मी मुद्दाम त्या साखळीचाच ठेवला आहे. पडद्यावर काही बिघडलेले दिसले की ज्या पायरीवर ते दिसते तिच्या आधीची पायरी प्रथम तपासावी, एवढा एक नियम पाळला तरी बराच वेळ वाचतो.

ही कल्पना आजची नाही. १९६० च्या दशकात ली हॅरिसन यांनी माणसाच्या अंगावर पोटेन्शिओमीटर, म्हणजे सांधा वळला की विजेचा दाब बदलणारे घटक, बांधून पडद्यावरची आकृती थेट हलवून दाखवली होती. त्यानंतर साधने कमालीची बदलली, पण सांधा मोजायचा आणि पात्राचा सांधा तेवढाच वळवायचा, हे काम तेच राहिले आहे.

सुरुवातीला काय काय जवळ असावे

- स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक. ट्रॅकिंग, म्हणजे हालचाल टिपून सांधे ओळखणे, आणि पात्राचे चित्र ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात, हे निवड करताना ध्यानात ठेवावे.
- ज्याचे एक्स्पोजर, म्हणजे एका फ्रेमसाठी प्रकाश घेण्याचा काळ, हाताने ठरवता येते असा वेबकॅम, किंवा त्याऐवजी सेन्सर संच.
- हाडे बसवलेले, म्हणजे रिग केलेले पात्र आणि त्याच्या वापराच्या परवान्याचा मजकूर.
- ट्रॅकिंगचे सॉफ्टवेअर, पात्र दाखवणारे सॉफ्टवेअर, आणि प्रक्षेपण किंवा चित्रीकरण करायचे असल्यास त्यासाठीचे ओबीएस हे सॉफ्टवेअर.
- मोजपट्टी, जमिनीवर खुणा करायला चिकटपट्टी आणि मंदगती चित्रण करणारा फोन. नवशिक्यांच्या यादीत या तिन्ही वस्तू सहसा नसतात, आणि पुढे त्यांचीच सर्वांत जास्त गरज पडते.

१. शरीराचा किती भाग हवा ते आधी ठरवा

खुर्चीवर बसून बोलणाऱ्या पात्राला पाय लागत नाहीत. हे सांगायला नको इतके उघड आहे, तरी नवीन माणूस पहिल्याच दिवशी डोक्यापासून पावलांपर्यंत सगळे एकदम सुरू करू पाहतो आणि आठवडाभर पावलांशी झगडत राहतो. चेहरा आणि मान, मग खांदे आणि हात, मग बोटे, आणि सर्वांत शेवटी पाय, अशा क्रमाने वाढत जावे. यातला प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा अवघड आहे, आणि पायांचा टप्पा तर बाकीच्या तिन्हींच्या बेरजेइतका अवघड आहे, असे माझे मत आहे.

२. हालचाल टिपण्याची पद्धत निवडा

*साधा कॅमेरा.* एका वेबकॅमच्या चित्रातून सांध्यांच्या जागा ओळखणारी सॉफ्टवेअरे आता सहज मिळतात. गूगलच्या मीडियापाइपमधील शरीराचे मॉडेल ३३ बिंदू ओळखते, आणि हाताचे मॉडेल प्रत्येक हाताचे २१. सुरुवात करायला ही पद्धत उत्तम आहे, कारण अंगावर काहीही बांधावे लागत नाही. तिची खरी अडचण खोलीची, म्हणजे कॅमेऱ्यापासूनच्या अंतराची, आहे. हात बाजूला पसरला तर कॅमेऱ्याला तो नीट दिसतो, पण तोच हात कॅमेऱ्याच्या रोखाने पुढे केला की चित्रात तो नुसता आखूड झालेला दिसतो, आणि सॉफ्टवेअरला तो किती पुढे आला याचा अंदाज बांधावा लागतो. एक हात दुसऱ्यामागे लपला तर तोही अंदाजच. मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट २०१० साली आला तेव्हा त्याने हाच प्रश्न खोली मोजणाऱ्या कॅमेऱ्याने सोडवला होता. खोली मोजणारे कॅमेरे आजही वापरता येतात, मात्र लपलेल्या अवयवाचा प्रश्न त्यांनाही सुटत नाही.

*जडत्व सेन्सर.* मनगट, दंड, मांडी, घोटा अशा जागी पट्ट्याने बांधायचे हे छोटे सेन्सर कोनीय वेग आणि त्वरण मोजतात. यांना प्रकाश लागत नाही, अवयव लपण्याचा प्रश्न येत नाही आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत राहण्याचे बंधन नसते. एक्ससेन्ससारख्या व्यावसायिक संचात पूर्ण शरीरासाठी १७ सेन्सर असतात, तर सोनीच्या मोकोपी संचात डोके, कंबर, दोन मनगटे आणि दोन घोटे असे सहाच असतात आणि मधल्या सांध्यांची स्थिती सॉफ्टवेअर अनुमानाने भरून काढते. सेन्सर जितके कमी तितके अनुमान जास्त, हे खरेदीपूर्वी मनाशी पक्के असू द्यावे.

या सेन्सरांचा मोठा दोष म्हणजे हळूहळू साचत जाणारी चूक. तिला सगळे ड्रिफ्ट म्हणतात. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे किती झुकाव आहे हे सेन्सरला गुरुत्वाकर्षणामुळे सतत पडताळून पाहता येते. उभ्या अक्षाभोवती आपण किती वळलो हे मात्र गुरुत्वाकर्षण सांगू शकत नाही, म्हणून तिथे चुंबकीय दिशेचा आधार घ्यावा लागतो, आणि जवळ लोखंड असले की तोच आधार ढळतो. लोखंडी पायांच्या टेबलाला लागून मी बसत असे तेव्हा अर्ध्या तासात माझ्या पात्राची एक मांडी सावकाश बाहेरच्या बाजूला वळत जायची. पट्टा सैल असेल, पात्राच्या हाडात खोट असेल, असे सगळे तर्क करून झाले. शेवटी टेबल दोन हात दूर सरकवले आणि मांडी जागेवर राहिली. काँक्रीटच्या जमिनीत लोखंडी सळया असल्यामुळे घोट्यांवरचे सेन्सर इतरांपेक्षा आधी बिघडतात, हेही तेव्हाच कळले.

*व्हीआरचे (आभासी वास्तवाचे) ट्रॅकर.* खोलीच्या कोपऱ्यांत लावलेल्या बेस स्टेशनच्या प्रकाशावरून हे ट्रॅकर जागा आणि दिशा दोन्ही ठरवतात, त्यामुळे ड्रिफ्ट साचत नाही. खोलीतला आरसा आणि काचेचे कपाट मात्र झाकून ठेवावे, कारण त्यांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने ट्रॅकर भरकटतात.

*परावर्तक गोळ्या आणि अवरक्त कॅमेरे.* व्हायकॉन आणि ऑप्टिट्रॅक यांच्या या पद्धतीची अचूकता मिलिमीटरच्या घरात जाते, पण तिला अनेक कॅमेरे, मोकळी जागा आणि तयार माणसे लागतात. नवशिक्याने ती पाहून यावी आणि घरी वेबकॅम लावावा.

३. जागा आणि प्रकाश नीट करा

कॅमेऱ्याची पद्धत घेतली असेल तर ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नये. वेबकॅमला प्रकाश कमी पडला की तो आपणहून एक्स्पोजरचा काळ वाढवतो. तो काळ सेकंदाचा पंधरावा भाग झाला की सेकंदाला तीस फ्रेम मिळणे शक्यच नसते; मिळतात त्या पंधरा, आणि त्याही फिसकटलेल्या. हात जोरात हलवला की चित्रात हाताऐवजी पांढुरका फराटा दिसतो, आणि त्या फराट्यात मनगट शोधायची वेळ बिचाऱ्या सॉफ्टवेअरवर येते.

म्हणून एक्स्पोजर स्वयंचलित न ठेवता हाताने ठरवावे. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग आणि ६० हर्ट्झचा असेल तर एकशेविसावा भाग निवडला, तर दिव्यांच्या लुकलुकीचे पट्टे चित्रात येत नाहीत. त्या एक्स्पोजरला चित्र काळोखे दिसत असेल तर एक्स्पोजर न वाढवता दिवे वाढवावेत. दिवा समोरून थोडा वर आणि दोन्ही बाजूंनी असावा; खिडकी पाठीमागे नसावी. कपडे भिंतीच्या रंगापासून वेगळे, अंगाबरोबरचे आणि बाह्या कोपर दिसेल अशा असाव्यात. ढगळ सदऱ्यात बगल कुठे संपते आणि दंड कुठे सुरू होतो हे सॉफ्टवेअरला कळत नाही, आणि मग पात्र पंख फुटल्यासारखे खांदे उचलून उभे राहते.

कॅमेरा साधारण छातीच्या उंचीवर, न झुकवता ठेवावा. पाय हवे असतील तर पावले आणि वर उचललेले हात दोन्ही चौकटीत मावतील इतके मागे जाऊन उभे राहावे, आणि त्या जागी चिकटपट्टीची खूण करावी. ही खूण पुढच्या प्रत्येक दिवशी कामाला येते.

४. पात्र तपासून घ्या

पहिले पात्र स्वतः घडवण्याचा मोह आवरावा. व्हीआरॉइड स्टुडिओसारख्या साधनात मानवाकृती पात्र हाडांसह तयार मिळते आणि ते व्हीआरएम स्वरूपात बाहेर काढता येते. व्हीआरएम हे जीएलटीएफ २.० या त्रिमितीय फाइलींच्या स्वरूपावर उभारलेले, मानवाकृती पात्रांसाठीचे स्वरूप असून त्यात कोणते हाड म्हणजे डावा दंड आणि कोणते म्हणजे कंबर हे ठरीव नावांनी नोंदलेले असते. त्यामुळे हाडे जुळवत बसण्याचा पहिला ताप टळतो. त्याच फाइलमध्ये हे पात्र कोणी चालवावे, व्यावसायिक वापर चालेल की नाही, फेरफार करता येतील की नाही, याच्या अटीही लिहिलेल्या असतात. दुसऱ्याने घडवलेले पात्र वापरणार असाल तर त्या अटी वाचल्याशिवाय ते लोकांसमोर आणू नये.

व्हीआरएमच्या जुन्या आणि १.० या आवृत्त्यांमध्ये पात्राचे तोंड एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असते, आणि काही जुनी सॉफ्टवेअरे जुनी आवृत्तीच वाचतात. पात्र पाठमोरे उभे राहिले किंवा फाइल उघडलीच नाही, तर आधी आवृत्ती बघावी.

अक्षांचा घोळ हा दुसरा सापळा. युनिटी आणि अनरियल ही पात्र थेट चालवणारी गेम इंजिने, तर ब्लेंडर हे त्रिमितीय आकृत्या घडवण्याचे सॉफ्टवेअर. युनिटीत वरची दिशा वाय असते आणि माप मीटरचे. अनरियलमध्ये वरची दिशा झेड आणि माप सेंटिमीटरचे. ब्लेंडरमध्ये झेड वर, पण हात उलटा, म्हणजे युनिटी आणि अनरियल डाव्या हाताची पद्धत पाळतात तर ब्लेंडर उजव्या हाताची. पात्र जमिनीवर आडवे पडलेले आले, किंवा मुंगीएवढे अथवा डोंगराएवढे झाले, तर घाबरू नये. निर्यात करतानाचे अक्ष आणि माप यांपैकी एक खूण चुकलेली असते.

गुडघा आणि कोपर मूळ स्थितीत किंचित वाकलेले आहेत ना, हे या पायरीवरच पाहून ठेवावे. अगदी सरळ काठीसारखा पाय असेल तर पावलाच्या जागेवरून गुडघा शोधणाऱ्या गणिताला तो कोणत्या बाजूला वाकवायचा हे ठरवता येत नाही, आणि ऐन वेळी गुडघा करकोच्यासारखा मागे वळतो.

५. दोन सॉफ्टवेअरांची गाठ घालून द्या

ट्रॅकिंग करणारे सॉफ्टवेअर आणि पात्र दाखवणारे सॉफ्टवेअर वेगळे असले तर हाडांची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जावी लागते. व्हीआरएम पात्रांच्या जगात यासाठी व्हीएमसी प्रोटोकॉल, म्हणजे ही माहिती पाठवण्याची ठरलेली रीत, रूढ आहे. तो ओएससी या ठरावीक स्वरूपातले संदेश यूडीपीवरून, म्हणजे पोच न मागणाऱ्या नेटवर्क पद्धतीने, पाठवतो. पात्र दाखवणारी बाजू साधारणपणे ३९५३९ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकते. दोन्ही सॉफ्टवेअरे एकाच संगणकावर असतील तर पत्ता १२७.०.०.१ द्यावा, वेगवेगळ्या संगणकांवर असतील तर ऐकणाऱ्या संगणकाचा पत्ता पाठवणाऱ्या बाजूला भरावा.

यूडीपीचा स्वभाव असा की संदेश पोहोचला नाही तरी पाठवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे एका बाजूला सारे हिरवे दिवे आणि दुसऱ्या बाजूला हात पसरून दगडासारखे उभे पात्र. अशा वेळी क्रमाने फायरवॉलने पोर्ट अडवला आहे का, पोर्टचा क्रमांक दोन्हीकडे तोच आहे का, आणि तोच पोर्ट तिसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने आधीच धरून ठेवला आहे का, हे पाहावे. पात्र हलते पण मधूनच गोठते आणि मग उडी मारते, असे होत असेल तर दोष बहुतेक वायफायचा असतो. शक्य तिथे तार जोडावी.

६. कॅलिब्रेशन घाई न करता करा

कॅलिब्रेशन म्हणजे तुमची एक ठरावीक उभी स्थिती आणि पात्राची तीच स्थिती एकमेकांशी जुळवून देणे. त्यासाठी बहुतेक वेळा हात आडवे पसरून टी आकारात, किंवा हात थोडे खाली ठेवून ए आकारात उभे राहावे लागते. सॉफ्टवेअर हे गृहीत धरते की त्या क्षणी तुम्ही अगदी तसेच उभे आहात. तुमचा डावा खांदा दहा अंश खाली असेल तर ते दहा अंश शून्य मानले जातात, आणि पुढे तासभर पात्राचा डावा हात दहा अंशांनी चुकत राहतो.

म्हणून उंची, हातांचा पसारा आणि कंबरेपासून जमिनीपर्यंतची लांबी अंदाजाने न भरता मोजपट्टीने मोजून भरावी. सेन्सर असतील तर ते स्नायूच्या फुगीर भागावर न बांधता हाड हाताला लागते अशा जागी बांधावेत, कारण मांडीच्या मांसल भागावरचा सेन्सर पाऊल टेकताना हादरतो आणि ती हादरणूक पात्राच्या गुडघ्यात दिसते. संच चालू केल्यावर सेन्सर स्थिरावू द्यावेत. मग चिकटपट्टीच्या खुणेवर पावले समांतर ठेवून, समोर डोळ्यांच्या रेषेत एखादा बिंदू पाहत उभे राहावे. भिंतीला पाठ टेकून टी आकार घेतला तर हात पुढे-मागे जात नाहीत. ही युक्ती मला उशिरा सुचली. गणती चालू असताना वाकून पडद्याकडे बघू नये. हा मोह इतका स्वाभाविक आहे की मी पडद्याला पाठ करून कॅलिब्रेशन करतो.

झाल्यावर तीन चाचण्या घ्याव्यात. दोन्ही तळहात छातीसमोर जुळवावेत, एका हाताने नाकाच्या शेंड्याला स्पर्श करावा, आणि दोन्ही हात कंबरेवर ठेवून जागेवरच पूर्ण गिरकी घ्यावी. पहिलीत डाव्या-उजव्या बाजूंचा फरक उघडा पडतो, दुसरीत हाताच्या लांबीचा आणि तिसरीत दिशेचा.

डाव्या-उजव्याचाच आणखी एक मुद्दा. आरशासारखे चालणारे पात्र, म्हणजे तुमचा उजवा हात उचलला की पडद्याच्या उजव्या बाजूचा हात उचलणारे, सरावाला सोपे जाते. पण पात्राने पडद्यावरच्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवायचे असेल किंवा दोन पात्रे समोरासमोर असतील तर आरसा बंद करावा लागतो. काय ते पहिल्या दिवशी ठरवून टाकावे, कारण अंगाला एकदा लागलेली सवय मोडायला फार दिवस जातात.

७. तुमचा सांगाडा पात्राच्या मापात बसवा

याला रीटार्गेटिंग म्हणतात, आणि पात्र जिवंत वाटते की बाहुली वाटते हे बहुतांशी इथेच ठरते.

सांध्यांचे कोन जसेच्या तसे उतरवले तर हालचालीची ढब टिकते, पण हात जिथे पोहोचायला हवा तिथे पोहोचत नाही. तुमचे हात लांब आणि पात्राचे आखूड, शिवाय डोके भोपळ्याएवढे असेल, तर तुम्ही डोके खाजवताना पात्राचा हात गालातून आरपार जातो. याउलट तळहाताची जागा उतरवली तर हात बरोबर पोहोचतो, पण कोपराचा कोन बदलतो आणि ढब बिघडते. उत्तर दोन्हींच्या मिश्रणात आहे. हात मोकळे हवेत असताना कोन मानावेत; हात अंगाला, चेहऱ्याला किंवा दुसऱ्या हाताला भिडणार असेल तेव्हा जागा मानावी. टाळी वाजवून पाहा: कोनांवर चालणाऱ्या, रुंद खांद्यांच्या आखूडहाती पात्राचे तळहात एकमेकांपासून वीतभर दूरच थांबतात आणि टाळीचा आवाज मात्र येतो.

पायांचे गणित आकड्यांनी लवकर समजते. तुमचा पाय कंबरेपासून जमिनीपर्यंत ९० सेंटिमीटर आणि पात्राचा ६० असेल, तर कंबरेचे सरकणे दोन तृतीयांशाने कमी करायचे नसून दोन तृतीयांशावर आणायचे असते. म्हणजे तुमचे ६० सेंटिमीटरचे पाऊल पात्रासाठी ४० सेंटिमीटरचे होते. हे प्रमाण दिले नाही तर पात्र बर्फावरून घसरल्यासारखे चालते. प्रमाण दिल्यावरही थोडे घसरणे उरते. त्यावर उपाय असा की पाऊल जमिनीलगत आहे आणि त्याचा वेग जवळजवळ शून्य आहे, असे दिसले की सॉफ्टवेअरने ते पाऊल आहे तिथे पक्के धरावे आणि पाऊल उचलले जाताच सोडावे. सोडताना एका फ्रेममध्ये सोडले तर पाय झटका देतो. पाच-सहा फ्रेममध्ये हळूहळू सोडावे.

मनगटाचीही एक खोड आहे. आपण किल्ली फिरवतो तेव्हा फक्त मनगट फिरत नाही, कोपरापासून सगळा पुढचा हात पिळवटत जातो. पात्राच्या हाडांत ही वाटणी नसेल तर सगळा पीळ मनगटावर येतो आणि तिथली कातडी गोळीच्या कागदासारखी आवळली जाते. पुढच्या हातात पिळासाठी एक जादा हाड ठेवून त्याला निम्मे वळण वाटून दिले की हे जाते.

८. थरथर आणि विलंब यांचा हिशेब जमवा

स्थिर उभे असतानाही पात्र थरथरते, केस उगीच हेलकावे खातात. नवशिक्या पहिले काम करतो ते म्हणजे स्मूदिंगचा, म्हणजे थरथर गाळण्याचा, सरकपट्टा शेवटपर्यंत ओढतो. थरथर थांबते खरी, पण पात्र मधात बुडाल्यासारखे चालू लागते.

असे का होते, ते पाहा. सेकंदाला ३० फ्रेमच्या ट्रॅकिंगमध्ये एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांची. शेवटच्या सात फ्रेमची सरासरी घेतली तर येणारे उत्तर तीन फ्रेम जुने असते, म्हणजे १०० मिलिसेकंद मागे. कॅमेरा, ओळखण्याचे गणित, चित्र रंगवणे आणि पडदा यांचा उशीर वेगळाच. थरथर जितकी गाळाल तितका विलंब वाढतो, आणि हा व्यवहार पूर्णपणे चुकवता येत नाही. तो शहाणपणाने करता येतो एवढेच.

त्यासाठी २०१२ साली प्रसिद्ध झालेला वन युरो फिल्टर अनेक सॉफ्टवेअरांत असतो. हालचाल मंद असताना तो जास्त गाळतो आणि वेग वाढला की गाळणे कमी करतो. कारण स्थिर हाताची थरथर डोळ्याला खुपते, आणि वेगवान हातात खुपतो तो उशीर. त्याचे दोन आकडे असतात: मंद हालचालीत किती गाळायचे ते ठरवणारा किमान कटऑफ, आणि वेग वाढला की गाळणे किती कमी करायचे ते ठरवणारा बीटा. आधी बीटा शून्यावर ठेवून हात स्थिर धरावा आणि थरथर थांबेपर्यंत किमान कटऑफ कमी करत जावे. मग हात जोरजोरात हलवत, उशीर जाणवेनासा होईपर्यंत बीटा वाढवावा. हा क्रम उलटा करू नये.

विलंब डोळ्याने न जोखता मोजावा. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचे मंदगती चित्रण लावून तुमचा हात आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत घ्यावेत, एकदम हात खाली आणावा, आणि तुमचा हात थांबल्यापासून पात्राचा हात थांबेपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. २४ फ्रेम म्हणजे १०० मिलिसेकंद. माझ्या पहिल्या मोजणीत ७२ फ्रेम निघाल्या आणि तोवर मी स्वतःच्याच तालज्ञानाला दोष देत होतो. आता शंभर मिलिसेकंदांच्या आसपास आलो की मी थांबतो. त्याखाली उतरायला लागणारी मेहनत नाचणाऱ्या पात्रासाठी सार्थकी लागते, बोलणाऱ्या पात्रासाठी फारशी नाही.

केसांचे आणि ओढणीचे हेलकावे मात्र या हिशेबात धरू नयेत. ते स्प्रिंग बोनचे, म्हणजे स्प्रिंगसारख्या आपोआप झुलणाऱ्या हाडांचे, काम असते. डोके स्थिरावले की ते आपोआप शांत होतात. ते शांत करण्यासाठी स्प्रिंगचा ताठरपणा वाढवणे म्हणजे पुन्हा बंब सोमेश्वरी.

९. चेहरा आणि बोटे

चेहऱ्यासाठी सर्वांत परिचित पद्धत म्हणजे ॲपलच्या एआरकिटमधील ५२ ब्लेंडशेप, म्हणजे चेहऱ्याचे कमी-जास्त करता येणारे ठरीव आकार. त्यांतला प्रत्येक आकडा एक लहान हालचाल दाखवतो: डावी पापणी किती मिटली, जबडा किती उघडला, ओठांचा कोपरा किती वर गेला. पात्रात हे ५२ आकार घडवलेले असले तरच त्यांचा उपयोग होतो. नुसते आ, ई, ऊ असे मोजके आकार असलेल्या पात्राला कितीही चांगला कॅमेरा दिला तरी चेहरा तेवढाच बोलणार. दोन्ही पापण्या एकत्र मिटण्याची सोय मिळाली तर ती चालू ठेवावी, नाहीतर चष्मा लावणाऱ्यांचे पात्र सतत डोळा मारत राहते.

बोटे कॅमेऱ्याने टिपायची असतील तर तळहात कॅमेऱ्याला दिसत राहील असा अभिनय बसवावा. जमत नसेल तर मूठ, उघडा हात, बोट दाखवणे अशा चार-पाच ठरीव मुद्रा कळफलकाच्या बटणांवर बसवाव्यात. यात कमीपणा काही नाही.

१०. लोकांसमोर नेण्यापूर्वी

पात्र ओबीएसमध्ये घेताना पार्श्वभूमी पारदर्शक हवी असेल तर विंडोजवर गेम कॅप्चरमध्ये पारदर्शकतेची खूण करावी. हिरवी पार्श्वभूमी काढून टाकण्यापेक्षा केसांच्या कडा त्यात स्वच्छ राहतात. आवाज हालचालीच्या आधी पोहोचतो, म्हणून आठव्या पायरीत मोजलेला विलंब ओबीएसच्या आवाजाच्या प्रगत सेटिंगमध्ये मायक्रोफोनच्या ओळीत मिलिसेकंदांत भरावा. ओठ आणि शब्द जुळले की पात्र एकदम खरे वाटू लागते. इतर कोणत्याही दुरुस्तीने इतका फरक पडलेला मी पाहिलेला नाही.

मग पूर्ण कार्यक्रमाच्या लांबीइतकी रंगीत तालीम घ्यावी, दहा मिनिटांची नव्हे. सेन्सरची बॅटरी, संगणकाचे तापणे आणि ड्रिफ्ट या तिन्ही गोष्टी पहिल्या दहा मिनिटांत तोंड दाखवत नाहीत. तालमीत पात्र कितव्या मिनिटाला वाकडे होऊ लागते ते लिहून ठेवावे आणि त्याच्या पाच मिनिटे आधी कार्यक्रमात अशी जागा ठेवावी, जिथे पडद्यावर मिनिटभर नुसते चित्र किंवा पाटी दिसेल. पुन्हा कॅलिब्रेशन करण्याचे बटण पायाने दाबता येईल असे जोडावे, कारण टी आकारात उभ्या माणसाचे दोन्ही हात तेव्हा गुंतलेले असतात.